काळा कोंबडा

पंप-हौसिंगची ऑर्डर पक्की झाली त्या दिवशी
इटलीहून आलेल्या म्हाताऱ्या इंजिनिअरनं
मालकांना घड्याळ दिलं,
आणि मला, हिशेब बघणाऱ्या बाईला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली.
मानेवर काळा कोंबडा.

बूच काढायचं यंत्र उद्यमबागेत कुणाकडं असणार?
परशराम कुगजीनं चार इंची स्क्रू पिळला,
पकडीनं ओढला.
भट्टीवरचा माणूस तो,
त्याच्या हातून घट्ट बसलेलं काहीही सुटतं.

स्टीलच्या पेल्यांत ओतली.
मला वाटलं होतं जांभळासारखी गर्द असेल,
निघाली पातळ, काठाला विटकरी;
साच्यात ओतलेलं लोखंड
विझायला लागतं
तेव्हाचा लाल.

पहिला घोट बसवण्णेप्पानं घेतला,
एक डोळा मिटला.
"हुळी ऐती," म्हणाला.
आंबट होतीच.
आमसुलासारखी नाही, चिंचेसारखी तर नाहीच;
खानापूरच्या रानात अर्धं पिकलेलं करवंद
घाईनं तोडावं आणि चीक ओठाला लागावा, तशी.
मागून जीभ सुकवणारी,
कच्च्या सुपारीनं गाल आत ओढतात ना, तशी.
आणि बऱ्याच उशिरा, गिळून झाल्यावर,
निपाणीच्या वखारींवरून बस जाते
तेव्हा खिडकीतून येतो तो वास.

गोडवा शोधला. नव्हता.
मला तेच आवडलं.
कुंद्याच्या गावात जन्म गेला माझा,
कुणीतरी एकदा गोड न बोलता
भेटायला हवंच होतं.

परशरामनं डबा उघडला : भाकरी, सुकं मटण.
घास खाल्ला, वर घोट घेतला,
आणि बाटलीतली बाई बदलली.
इतका वेळ दारात उभी होती ताठ,
आता पाटावर बसली,
तिखटाशी बोलायला लागली,
चरबीला म्हणाली, सरक जरा.
बसवण्णेप्पानं दुसरा डोळाही मिटला.
"हां. ईग बंतु," म्हणाला. आत्ता आली.

मग मी त्यांना म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली.
त्याची मोडकी इंग्रजी माझ्या मराठीत,
माझी मराठी परशरामच्या कन्नडात :
दोन शहरं होती, सीमेवरून भांडत होती.
ठरलं, की पहाटे कोंबडा आरवला
की दोन्हीकडून स्वार निघतील,
भेटतील तिथं रेघ.
एकांनी पांढरा कोंबडा खाऊ घालून माजवला.
दुसऱ्यांनी काळा धरला, उपाशी ठेवला.
उपाशी पोटाची पहाट लवकर होते.
काळ्याचा स्वार अंधारातच निघाला
आणि जवळजवळ सगळं रान घेऊन बसला.

बसवण्णेप्पा हसला. "आमच्याकडं
कोंबडा सोडून सगळं करून झालं की."

आजही म्हणे आखलेल्या हद्दीच्या आतली द्राक्षंच
हा कोंबडा मिरवतात.
बांधापलीकडं तीच वेल, तोच उतार,
संध्याकाळचं तेच तिरकं ऊन,
बाटलीवर नाव दुसरं.

यावर कुणी काही बोललं नाही.
गेटसमोरच्या पाटीवर
एका लिपीवर दुसरी रंगवलीय, तिच्यावर डांबर;
मे महिन्यात डांबर पाघळतं
तेव्हा खालची एखादी वेलांटी दिसते.
कुठल्या भाषेची, ते अजून
नीट कळलेलं नाही.

बाटली संपली. तळाशी गाळ राहिला,
परशरामनं तो बोटानं चाखला.
बाहेर आलो तर दीड वाजलेला,
अनगोळच्या अंगाला कुठंतरी
एक कोंबडा आरवला.
"उपाशी असणार," परशराम म्हणाला.

दोघांनी सायकलींना टांग मारली,
एक येळ्ळूरकडं, एक हलग्याकडं.
मी गेटला कुलूप लावत होते,
दाताला अजून
करवंदाचा चीक.